मधली जागा रिकामी ठेवावी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा छपाई, डोकं ठिकाणावर आणि माउसवरचा हात अजून स्थिर असताना, कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे माझं शेवटचं इच्छापत्र लिहून ठेवतो ऐसाजे. ‘ऐसाजे’ वकीलबाईंनी घालायला लावलं. त्याशिवाय कागदाला वजन येत नाही म्हणाल्या. दबाव म्हणावा तर तेवढाच.

हृदयाच्या डॉक्टरांनी मला ‘सगळं छान आहे’ असं सांगितलं आणि माझ्या पत्नीला बाहेर बोलावून वेगळं सांगितलं. तिने घरी येईपर्यंत ते माझ्या कानावर घातलं. म्हणून ही घाई.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, गच्चीच्या किल्लीसह, माझ्या पत्नीला. तिच्या पश्चात चिरंजीवाला. बँकेत जे काही असेल तेही याच क्रमाने. त्यावरून कोणी भांडावं एवढं ते नाही.

कलम २. दुकानाचा माझा अर्धा भाग माझ्या थोरल्या भावाला, यापुढे ‘दादा’. पहिल्या खर्ड्यात मी ‘सदर इसम’ लिहिलं होतं. माझी पत्नी जन्मभर आमच्या छापखान्याची मुद्रितं तपासत आली, हा कागदही तिनेच तपासला. ती म्हणाली, “सदर इसम काय? दादा लिहा. ताप चढला की त्यांचंच नाव घेता.” म्हणून दादा.

दादा आणि मी बोलत नाही. कारण कागदावर असलेलं बरं, नाहीतर मागून लोक जमिनीचा वाद होता म्हणतील.

दुकानात दोघांत एक संगणक होता. त्यावर मी लिनक्स घातलं, म्हणजे संगणक चालवणारी यंत्रणा. फुकट मिळतं म्हणून घातलं, हे दादाचं म्हणणं खोटं नाही. पण मी त्यात रमलो ते दुसऱ्याच कारणाने. त्यात घड्याळापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं आपल्या मनासारखं करता येतं, आणि मला आयुष्यात मनासारखं करता येईल असं दुसरं काही हाती लागलं नव्हतं. दर शनिवारी मी पडद्याचं रूप पालटायचो. खालची पट्टी वर, वरची डावीकडे, फोल्डर कधी लाकडी, कधी काचेचे. दादा सोमवारी येऊन छपाईचं बटण शोधत बसायचा. हरवलेली म्हैस शोधावी तसा शोधायचा, पण तोवर तक्रार नव्हती.

लिनक्समध्ये एक देखावा मिळतो. पडद्यावरची खिडकी बंद केली की तिला आग लागते आणि ती जळून खाक होते. मी तो शनिवारी लावला आणि सोमवारी मला यायला उशीर झाला. दादाने गिऱ्हाइकाला नावाच्या पाटीचा नमुना दाखवला आणि खिडकी बंद केली. पुढच्या क्षणी त्याने गिऱ्हाइकासाठी भरलेला पाण्याचा जग संगणकावर रिकामा केला. दादा प्रसंगावधानी माणूस आहे, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

मी पोचलो तेव्हा तो म्हणाला, “हे दुकान आहे की सर्कस?” मी म्हणालो, सर्कशीत निदान लोक तिकीट काढून येतात. असं बोलायला नको होतं म्हणतात. वाक्य म्हणून मला ते अजून आवडतं.

त्याच आठवड्यात दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. दादाच्या बाजूला विकतची यंत्रणा आली. तिचं नाव मी या कागदावर घेणार नाही. खोक्यातून निघताना तिच्यावर जे चित्र होतं तेच आजही आहे. ‘नवीन रूप तयार आहे, हवं का?’ असं ते मशीन विचारतं आणि दादा ‘नंतर’ दाबतो. त्या मशीनला विषाणू लागले, उंदराने वायर कुरतडली, पण बदल काही लागला नाही. प्लायवूडला फट आहे, तिच्यातून एवढं दिसतं.

कलम ३. मी स्वतः काढलेली चिन्हं: दुकानातल्या कपाटासारखा फोल्डर, तुटक्या झाकणाचा कचऱ्याचा डबा, मान तिरकी करून बसलेलं मांजर (हे शोधासाठी). ही कोणा एकाला देत नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी, बदलावी, वाटावी. फक्त पुढच्याला अडवू नये. मी ज्यांचं फुकट घेतलं त्यांचीही एवढीच अट होती.

कलम ४. लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर ‘निवडुंग’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांना, खिडकी बंद करण्याचं बटण डावीकडेच शोभतं असा ज्यांचा हट्ट आहे, काहीही नाही. ते उजवीकडेच असतं. माझ्या निधनाची बातमी कोणी तिथे टाकली तर त्याखाली हेही टाकावं.

कलम ५. माझा खडखडणारा कीबोर्ड चिरंजीवाला. सूनबाईंना त्याचा आवाज सोसत नाही, हे मला ठाऊक आहे. दार लावून वापरावा. मोठा मॉनिटर सूनबाईंना, भरपाई म्हणून.

कलम ६. आता मुख्य मिळकत.

वरच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर पत्नीचा संगणक आहे. जन्मभर मी पडदे नटवले, पण सगळ्यात जीव ओतून केलेलं काम तेच, आणि दिसायला ते भयंकर आहे. पूर्ण काळा पडदा. त्यावर मुठीएवढी पिवळी अक्षरं. बाण तळहाताएवढा. वाचन वर डावीकडे, बहिणीला पत्र लिहायचं ते वर उजवीकडे, पत्त्यांचा डाव खाली डावीकडे, फोन खाली उजवीकडे. मधे काहीही नाही.

याचं कारण आम्ही दोघांनी आजवर कोणाला सांगितलं नाही. इथे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडेकडेचं दिसतं, समोर बघावं तिथे नेमकं मळभ. चष्म्याचा उपयोग नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाईचे डोळे गेले हे जगाला कळू नये असं तिला वाटलं, आणि मला तिचं वाटणं पटलं. त्या पडद्यावर ती अजून वाचते. एकेक शब्द, कडेने, हळूहळू, पण चूक सुटत नाही. ते वाचणं बंद पडलं तर ती फार दिवस काढेल असं मला वाटत नाही. मला त्याचीच भीती आहे, मरणाची एवढी नाही.

चिरंजीवाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याची नोकरीच पडद्यांची रूपं ठरवण्याची. गेल्या खेपेला आला आणि पडदा बघून कळवळला. “बाबा, आईला हे काय दिलंत?” म्हणाला, आणि मी डॉक्टरांकडे गेलो असताना त्याने तो सुधारला. मऊ राखाडी रंग, गोल कडांची चिन्हं, सगळी मधे ओळीने, मागे आम्हा सगळ्यांचा हसरा फोटो. फार सुंदर केलं होतं, मला इतकं जमलं नसतं. ही त्या पडद्यासमोर बसली, आणि चिरंजीव पाणी प्यायला आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, “लाइट गेलेत का हो?”

तो असेपर्यंत ती रोज त्या पडद्यासमोर बसून वाचल्याचं नाटक करत राहिली, पोराने हौसेने केलंय म्हणून. तो गेल्यावर मी सगळं पूर्ववत केलं. बाळा, तुला बोल लावत नाही. तुझा हात माझ्यावर गेलाय, सुधारल्याशिवाय राहवत नाही. म्हणूनच तो संगणक तुझ्या ताब्यात देत नाही.

कलम ७. मी नसताना तो संगणकही अधूनमधून विचारेल, नवीन रूप तयार आहे, हवं का? प्रेमापोटी कोणीतरी ‘हो’ दाबेल. म्हणून असा माणूस हवा जो कधीच ‘हो’ दाबणार नाही, कितीही गळ घातली तरी. मी खूप विचार केला. मंचावरच्या सगळ्यांची नावं डोळ्यांसमोर आणली. सगळे हुशार, आणि म्हणून एकही भरवशाचा नाही. असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याच्या-माझ्यात प्लायवूड आहे.

सबब, पत्नीच्या संगणकाचा रखवालदार म्हणून मी दादाला नेमतो. पासवर्ड वकीलबाईंकडे बंद पाकिटात आहे. दादाने रोज सकाळी वर जावं, संगणक सुरू झाला का पाहावं, काही विचारलं तर ‘नंतर’ दाबावं आणि खाली यावं. पडद्याच्या मधे काही ठेवू नये, माझा फोटो तर मुळीच नाही. प्लायवूड काढून टाकावं. दुकानाचीही मधली जागा रिकामी असलेली बरी, वर जायला जिना मोकळा राहील.

कलम ८. हे फक्त दादासाठी. बाकीच्यांनी सोडून द्यावं.

दादा, गेल्या वर्षी मी दवाखान्यात होतो तेव्हा तू आलास. मी झोपेत होतो. ही खुर्चीत होती. तू दारात उभा राहिलास, हिने तुझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं. तू फळांची पिशवी ठेवलीस आणि न बोलता गेलास. पुढे आपल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे म्हणालास, तिला माझं तोंडही बघायचं नाही. पेंटरने मला सांगितलं. आपण बोलत नसल्यामुळे खुलासा करायची सोय नव्हती.

तो खुलासा आता करतो. तिला माणूस नीट बघायचा असेल तर ती त्याच्या कानाकडे नाहीतर खांद्यामागे बघते. मला बघायचं तर माझ्या उजव्या कानाकडे. तू वर गेलास की तुझ्याशीही असंच होईल. मागे वळून बघू नकोस, तिथे कोणी नसतं. ती तुलाच बघत असते. त्या दिवशीही तुलाच बघत होती. शब्द काय काढावा हे तिला सुचेपर्यंत तू निघून गेलास. मला जाग आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाली सांगतो. म्हणाली, “दादांनी मिशी काढली. बरी नाही दिसत.”

वरील मजकूर मी वाचला, पत्नीकडून वाचून घेतला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

सही: छापखानेवाला, धाकटा

साक्षीदार: १. पाट्या रंगवणारे पेंटर. २. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई. दोघांनी मला सही करताना पाहिलं, मजकूर वाचला नाही. पेंटरने अक्षर कोणतं वापरलं एवढंच विचारलं.

स्थळ: वरची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो तो. घड्याळ बरोबर आहे, मी लावलंय.

मुद्रितं तपासली: पत्नी. मिशीचं वाक्य काढा म्हणत होती. ठेवलं आहे.