मुकादमाची बिस्किटं

रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा कमरेपर्यंतचा नमस्कार. (त्याच्या खाली गुडघे जाऊ देत नाहीत. उरलेला नमस्कार तू मनातल्या मनात पुरा करून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाचीच्या अकराव्या मजल्यावर वारा फार लागतो म्हणाली होतीस, तर कान झाकून बसतेस ना? लिफ्टमध्ये अजून डोळे मिटून उभी राहतेस का? इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. हे वाक्य गेले तीन आठवडे मी तुला फोनवर ऐकवतोय आणि दर वेळी ते निम्मं खोटं होतं, म्हणून आज पत्र. फोनवर तू मला वाक्य संपवू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा टपालखात्याने धाकट्या भावांवर केलेला फार मोठा उपकार आहे.

तर ऐक. मुकादम खात नव्हता.

लगेच फोनकडे धावू नकोस, पुढे वाच. भावोजी गेल्यावर तू त्याला माझ्याकडे सोडून भाचीकडे गेलीस, तेव्हा तो तुझ्या टॅक्सीमागे कोपऱ्यापर्यंत गेला, तिथल्या खांबाची रीतसर विचारपूस करून परत आला आणि बाइंडिंगच्या टेबलाखाली, पुस्तकं दाबायच्या प्रेसच्या पायाला पाठ लावून बसला. मला वाटलं, रुळला गडी. भावोजींनी त्याचं नाव मुकादम का ठेवलं तेही मला त्याच दिवशी कळलं. मी एका रजिस्टरात सोळा पानं उलटी शिवली, तर खालून सुस्कारा आला. पण ताटलीला तोंड लावेना. उकडलेलं अंडं ठेवलं तर ते हुंगून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच घातलंय. सकाळी दोन घास जायचे, तेही माझी पाठ वळल्यावर. आठवड्यात बरगड्या मोजता यायला लागल्या. (मी मोजल्या नाहीत. मोजण्याची हिंमत झाली नाही.)

दुपारची गोष्ट मात्र वेगळी असायची. तुला माझं दुकान दुपारी माहीत नाही; तू आलीस की नेहमी सकाळी यायचीस, आणि आल्या आल्या झाडू मागायचीस. दोन वाजले की समोरचा शिंपी मशीन थांबवतो आणि सगळी गल्ली कुणीतरी पांघरूण घातल्यासारखी गप्प होते. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा येतो, त्यात कागदाची बारीक धूळ तरंगत असते, आणि तो पट्टा टेबलावरून सरकत सरकत चारच्या सुमारास भिंतीवर चढतो. मी सुई हातात धरून त्याच्याकडे बघत बसतो आणि एक टाका घालायला अर्धा तास लागतो. या वेळेत मुकादम झोपायचा, आणि झोपेत जेवायचा. खरंच सांगतो. आधी पाय हलायचे, मग शेपटीचं टोक, मग जबडा. सावकाश, मिटक्या मारत, एकदा तर जीभ बाहेर काढून मिशासुद्धा पुसल्या. जागेपणी उपाशी असलेलं कुत्रं स्वप्नात पंगत झोडत होतं. मी खाली वाकून (म्हणजे मानेने वाकून) बघत राहायचो आणि वाटायचं, स्वप्नात याला कोण काय भरवतं एवढं कळलं, तर मी तेच करून घालीन.

शेवटी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. (गुरांच्या, कुत्र्यांच्या. त्यांच्या दवाखान्याची सगळी रजिस्टरं मी बांधतो. माणूस फटकळ, पण हात लोण्यासारखा.) त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, कान उलटे केले आणि म्हणाल्या, शरीराला काही झालेलं नाही, याचं माणूस हरवलंय. स्वतःच्या हाताने काहीतरी साधं करा, घरचं, आणि हातातून भरवा. मग यादी सांगितली. चालेल ते: कणीक, ओट्स, अंडं, गाजर, उकडलेला भोपळा, बिनमिठाचं शेंगदाण्याचं वाटण. मुळीच चालणार नाही ते: चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या त्या गोळ्या. मी घरी येऊन ती यादी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि जाड पुठ्ठ्यात, कापडी पाठ लावून, बांधून टाकली. हसू नकोस. माणूस घाबरला की त्याला येतं तेच काम करतो.

पहिली खेप भोपळ्याची. तुझ्या जुन्या ओव्हनला अंदाज असा नाहीच, तो एकतर रुसतो नाहीतर पेटतो. बिस्किटं दिसायला देखणी झाली; मी ती पोलादी पट्टी लावून दोन-दोन इंचांची, चारही काटकोन सांभाळून कापली होती. पण त्यांतलं एक हातातून निसटलं आणि फरशीचा टवका उडाला. दुसरी खेप केळं आणि शेंगदाण्याच्या वाटणाची. ती ट्रेला चिकटली, ट्रे ओव्हनला चिकटला, आणि तो सोडवताना मी. तिसरी गाजराची. ही मुकादमाने तोंडात घेतली, ताई! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिस्किट दातांत अलगद धरून तो मागच्या अंगणात गेला, कुंडीशेजारी खड्डा केला, आणि मान खाली घालून त्याला मूठमाती देऊन परत आला. उरलेली मी चहाबरोबर खातो. वाईट नाहीत. चावायला वेळ लागतो, पण मला कुठे जायचंय?

आता चौथी खेप. इथून पुढचं वाचताना बसून घे.

मंगळवारची दुपार. टेबलावर दोन सारखी पातेली होती. एकात बिस्किटांसाठी ओट्स शिजवून निवत ठेवले होते, दुसऱ्यात पुस्तकं चिकटवायची खळ. खळ म्हणजे मैद्याची पेजच, पण तिला कीड लागू नये म्हणून आम्ही चिमूटभर मोरचूद घालतो, आणि मोरचूद म्हणजे विष. डॉक्टरीणबाईंचा औषधांचा मोठा ग्रंथ संध्याकाळपर्यंत बांधून द्यायचा होता, त्यामुळे एका हाताने ग्रंथ आणि दुसऱ्या हाताने कणीक असं चाललं होतं. चष्मा कपाळावर होता. (म्हणजे मी तो शोधत होतो.) उन्हाचा पट्टा नेहमीसारखा सरकत होता, आणि मी बिस्किटं ओव्हनमध्ये सरकवून, ग्रंथ प्रेसमध्ये आवळून, खुर्चीत टेकलो तो थेट झोपेतच गेलो.

स्वप्नात भावोजी आले. तो करडा स्वेटर घालून टेबलाशी बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. पेपर दोन्ही हातांनी धरलेला, आणि तरी एक हात टेबलाखाली. मी म्हटलं, भावोजी, तुम्हाला तीन हात कधीपासून? ते फक्त हसले. तेवढ्यात जाग आली ती भाजल्याच्या वासाने.

बिस्किटं काढली. किंचित निळसर दिसत होती. मला वाटलं, ओट्सचा गुण असेल. एक निववलं, टेबलाला धरून जमेल तितका खाली गेलो आणि हात मुकादमाच्या नाकाशी नेला. त्याने नेहमीसारखं तोंड फिरवलं. त्याच वेळी डॉक्टरीणबाई ग्रंथ न्यायला दारात आल्या. त्यांनी टेबलावरचं पातेलं पाहिलं, ट्रे पाहिला, आणि छप्पर उडेल अशा आवाजात ओरडल्या,

"अहो! देऊ नका त्याला!"

आणि मुकादमाने झडप घातली.

तीन आठवडे मरगळून पडलेलं ते जनावर कान टवकारून उठलं, शेपटी प्रेसच्या पायावर धाडधाड आपटली आणि बिस्किट तोंडात. पुढचं मला नीट आठवत नाही. माझा हात मनगटापर्यंत त्याच्या तोंडात होता, बाई त्याचा जबडा धरून होत्या, आणि मी "सोड, बाबा, सोड" म्हणत रडत होतो. निघालं. दोन तुकडे निघाले. बाईंनी ते टेबलावर जुळवले, मी पट्टी लावली: दोन इंच बाय दोन इंच, चारही कोपरे शाबूत, कणभरही कमी नाही. काटकोनात कापण्याचा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फायदा तो.

मग त्यांनी त्याचं तोंड धुतलं, माझ्या बोटांना पट्टी बांधली, आणि हे सगळं करताना मला अखंड फैलावर घेतलं. डोळे आहेत का, डोकं आहे का, हे स्वयंपाकघर आहे की कारखाना. मी जमिनीवर बसून (कसा बसलो ते विचारू नकोस) ऐकत होतो, आणि माझं लक्ष शेपटीकडे गेलं. बाई जितक्या ओरडत होत्या तितकी ती जोरात हलत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

ताई, तुझं जेवणाचं टेबल आठव. नऊ वर्षं. भावोजींचा हात हळूच खाली जायचा आणि तू ओट्यापाशी पाठमोरी असूनही ओरडायचीस, अहो, देऊ नका त्याला! त्या मुक्या जिवाने आयुष्यात गोड असं जे काही खाल्लं, ते तुझ्या ओरड्यासकट खाल्लं. नुसतं बिस्किट त्याला अळणी लागत होतं.

मी डब्यातलं गाजराचं बिस्किट काढलं, टेबलाखाली धरलं आणि बाईंना विनंती केली, की आणखी एकदा म्हणा. त्या संकोचल्या, दवाखान्यातल्या आवाजात "देऊ नका" म्हणाल्या. काही नाही. मी म्हटलं, मनापासून. मग त्यांनी माझी बोटं आणि आपला ग्रंथ यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अगदी मनापासून ओरडल्या. चार खाल्ली त्याने. (ग्रंथाचं सांगायचं राहिलं. खळ बिस्किटांत गेली म्हटल्यावर ओट्स कुठे गेले असतील ते तू ओळखलंच असशील. प्रेसमधून काढला तेव्हा मधुमेहापासून पुढचा भाग वेगळा झाला, आणि पाठ मुकादमाने चाटून स्वच्छ केली.)

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच देऊन स्वतःच ओरडून पाहिलं. जमलं नाही. देणारा आणि नको म्हणणारा एकच असला की कुत्र्यालासुद्धा खरं वाटत नाही. समोरच्या शिंप्याने मात्र मशीन थांबवून, कुणाला मारताय का, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी मी तुझा आवाज काढला. लहानपणी काढायचो तो, नाकातला. "अहो! पुन्हा टेबलाखाली? मला दिसत नाही वाटतं?" चांगला जमला गं. मुकादम बिस्किटाकडे न बघता उठला, धावत दारापाशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. संध्याकाळपर्यंत बसला. मी शेजारी स्टूल टाकून बसलो. तो आवाज मी पुन्हा काढला नाही.

सध्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून जाता जाता दाराशी थांबतात, एकदा ओरडतात आणि जातात. पण त्यांच्यावर किती भार टाकायचा? म्हणून एक क्षुल्लक विनंती: रोज चारला फोन करून एकदा ओरडत जा. मी फोन टेबलाखाली धरीन. एवढंच. यासाठी इकडे येण्याची वगैरे काही गरज नाही. अकरावा मजला सोडून कशाला यायचं?

भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना माझी आठवण सांग, आणि लिफ्टमध्ये एकदा डोळे उघडून बघ, आत आरसा असेल.

तुझा,
बोटांना पट्टी बांधलेला भाऊ

ता. क. दुकानाच्या वरची खोली सहज रिकामी केली. रद्दी होती ती काढली. पूर्वेची खिडकी आता उघडते. भिंतींना पांढरा रंग दिलाय, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतलाय. जिना एकाच मजल्याचा आहे. हे केवळ माहितीसाठी.

पुन्हा ता. क. खोटं बोलून तुला बोलावलं असं नंतर म्हणशील, म्हणून आताच लिहून ठेवतो. परवा डॉक्टरीणबाईंना यायला उशीर झाला. मी कामात होतो, हातात अर्धं बिस्किट होतं, हात असाच खाली गेला, आणि कुणीही न ओरडता मुकादमाने ते खाल्लं. काल तीन. आज ताटलीतलं सगळं. डॉक्टरीणबाईंना मी अजून हे सांगितलेलं नाही, कारण मग त्या थांबायच्या बंद होतील आणि दिवसभरात माझ्याशी कुणी बोलणार नाही. तेव्हा तुझ्या फोनची मुकादमाला आता काही गरज नाही. हे पत्र नव्याने लिहायला हवं होतं, पण पहिल्या पानावरचं अक्षर फार चांगलं आलंय, म्हणून तसंच पाठवतो. गाडी कोणती ते कळव. आम्ही दोघं स्टेशनवर येतो.