भिंतीबाहेरची चंद्रभागा

मेहकर (जि. बीदर),
ता. १४ नोव्हेंबर १९५३

प्रिय सिद्धरामअण्णास,

धाकट्या मल्लम्माचा सलाम. वहिनीलाही सलाम सांग, तिचा गुडघा आता कसा आहे ते कळव. इकडे तूर फुलावर आली आहे. यांचा खोकला कमी आहे, रोज शाळेत जातात. सासूबाई बऱ्या आहेत, म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार पानं, त्यात वचनंच वचनं, आणि माझ्या मुलीविषयी एक ओळ. "बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बालकांचे आत्मे कोठे जातात याविषयी शास्त्र स्पष्ट बोलत नाही, म्हणून आपणही बोलू नये." अण्णा, एरवी तू कशाविषयी बोलायचा राहतोस रे? लोकांनी कुंकू लावावं की नाही, लग्नात वाजंत्री आणावी की नाही, सगळ्यावर तुझं बोलून होतं. सतरा दिवसांची पोर कुठे गेली एवढंच विचारलं, तर तुझं तोंड बंद!

त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. हे पोरीला पंच्यात गुंडाळून दफनभूमीकडे घेऊन गेले, मी मागोमाग गेले. दारात अमृतप्पा पंच उभे. म्हणाले, "मास्तर, बाप्तिस्मा झाला न्हाई तर भिंतीच्या आत न्हाई जमत. म्या काय करू? पाळकसाहेबाचाच नियम हाय." पाळकसाहेब म्हणजे तू. दोन वर्षांपूर्वी तूच तो ठराव करून घेतलास, तेव्हा मीही मान डोलावली होती. यांनी बाहेरच्या बाजूला, बाभळीखाली, स्वतः खड्डा खणला. प्रार्थना म्हणायलाही कुणी आलं नाही. घरी येऊन हे शाळेच्या वह्या तपासत बसले. मला इतका राग आला की ती दौत उचलून फेकावीशी वाटली.

बाप्तिस्मा का झाला नाही, हे तू चांगलं जाणतोस. बाराव्या दिवशी बारसं आणि बाप्तिस्मा दोन्ही करायचं ठरलं होतं. सासूबाईंचं एकच, "मामानं पाळणा आणल्याबिगर लेकराला नाव ठेवायचं न्हाई. आपण ख्रिस्ती झालो म्हणून मामा मेला काय?" आणि तुझी चिठ्ठी आली, की पाळण्याचा जुना रिवाज आधी सोडा, मग मी येतो. संतपूरहून इथे यायला एक दिवस लागतो. आम्ही रोज मोटारीच्या वेळेला दाराकडे बघायचो. तू तिकडे रिवाज मोडत बसलास, सासूबाई इकडे पाळत बसल्या, आणि पोर तापानं फणफणली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते लिहिते. दोन वेळा लिहून फाडलं आहे.

आठव्या दिवशी बीदरचे पाळक इथून चालले होते, घरी पाणी प्यायला थांबले. पोरीला बघून म्हणाले, "बाई, आत्ताच देऊ का बाप्तिस्मा? पाणी आहे, मी आहे." सासूबाई रानात गेल्या होत्या, अडवणारं कुणी नव्हतं. मीच म्हटलं, "नको साहेब, माझा अण्णा येणार आहे, त्याच्याच हातून करायचाय." त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदाही नको म्हटलं. तुझ्या नावाचा केवढा तोरा होता मला! हे मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही. सगळ्या गावापुढे तुला दोष देत फिरले.

आणखी एक. सतराव्या दिवशी दुपारी ती अगदी गप्प झाली. मी तांब्यातलं पाणी घेतलं, तीन वेळा डोक्यावर सोडलं, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि तिला चंद्रभागा म्हणून हाक मारली. आईचं नाव. पण पाणी पडलं तेव्हा तिचा श्वास चालू होता की नव्हता, मला माहीत नाही. नाकाशी बोट धरायचं धैर्य झालं नाही. म्हणून अमृतप्पांपुढे मी काही बोलले नाही. तिथे "श्वास होता" एवढं म्हटलं असतं तर पोर भिंतीच्या आत असती. खोटं बोलायला तूच शिकवलं नाहीस.

आई पटकीनं गेली तेव्हा तू चौदाचा होतास, मी सहाची. पुढच्या वर्षी आपला बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी तू मिशनच्या साहेबांना विचारलंस, "आमची आई कुठं हाय?" साहेब खाली बघत राहिले. घरी येताना माझा हात धरून तू म्हणालास, "आई बरी हाय. देवाजवळच हाय. तू कामून रडायलीस?" तेव्हा तू शास्त्र उघडलं नव्हतंस, अण्णा. मी त्या एका वाक्यावर आजवर निभावलं. आईविषयी सांगितलेलं माझ्या मुलीला का लागू होत नाही? की ते तू मला गप्प करायला म्हणाला होतास?

बाप्तिस्म्याची वही तुझ्याकडे आहे. मी घडलं ते सगळं, जसंच्या तसं लिहिलं आहे. तुझ्या मनाला पटलं तर चंद्रभागेचं नाव त्यात लिही. नाही पटलं तर त्याच वहीत मागे माझं नाव आहे, तुझ्या खालीच, ते खोडून टाक. आई तिकडे, पोर तिकडे, आणि स्वर्गात मी एकटी तुझी वचनं ऐकत बसू?

उत्तर लिहू नकोस. ये. पाळणा नाही आणलास तरी चालेल. बाभळीखाली उभा राहा आणि आईविषयी मला म्हणालास तेच वाक्य तिच्याविषयी म्हण.

चंद्रभागेची लेक, चंद्रभागेची आई,
मल्लम्मा