अकरा माणसांचं वाक्य

कामथडी. मार्गशीर्ष, मंगळवार, दिवेलागण.

पुण्याहून यांचं पत्र आलं. दर आठवड्याला हे पुस्तकातले दहा इंग्रजी शब्द अर्थासह उतरवून पाठवतात. मी एकेकाचं वाक्य करून धाडते, ते लाल शाईने तपासून परत येतं. पत्र आधी मामंजी फोडतात, पण घरात इंग्रजी कुणालाच येत नाही.

म्हणून तर मागच्या खेपेला धजले. 'लोनली' म्हणजे एकाकी. यांचं नमुन्याचं वाक्य होतं, मेंढपाळ डोंगरावर लोनली असतो. मी केलं, अकरा माणसांच्या घरात मी लोनली आहे.

आज त्यावर लाल शाईची बरोबरची खूण. बाकी एक अक्षर नाही. बरोबर काय, वाक्य की माझं म्हणणं? यांनी वाचलं, की नुसतं तपासलं?

सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलंय त्यानं?"

"समदं बरूबर हाय म्हणत्यात."

"मग त्वांड का उतारलंय?"

मी नवी यादी पुढे ओढली, तीनदा वाचली. पहिलाच शब्द 'पेशन्स', म्हणजे धीर. हा मला धाडलाय, की पुस्तकात पुढचा तोच होता?