गंगूआत्यानं बुडवलेलं धड

औंढा नागनाथ,
वैशाख वद्य षष्ठी, सन १९४५

ती. सौ. कालिंदीअक्कास,

धाकट्या राधाकृष्णाचा मातीनं भरलेल्या हातांनी शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तिकडे हिंगोलीत भावोजींची दाढ, बाळाचे दात आणि तुझ्या सासूबाईंचा राग, तिन्ही एव्हाना उतरले असतील असं धरून चालतो. (हे वाक्य मोठ्यानं वाचू नकोस.)

अक्का, मी इतका खुशीत आहे की काय सांगू! हैदराबादला कॉलेजात वर्षभर आम्हाला कलेचा इतिहास शिकवून राहिले. कुठकुठल्या मुलखातले पुतळे पाठ करून झाले, आणि एके दिवशी मास्तरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं तर आपलंच देऊळ! ज्या दगडी हत्तींना टेकून आपण बोरं खाल्ली आणि बिया त्यांच्याच सोंडेमागं कोंबल्या, त्यांना इतिहास आहे गं! मी भर वर्गात उभा राहून ‘हे आमचं घर’ म्हणून ओरडलो (घर नव्हे, देऊळ, पण पुजाऱ्याच्या पोराला फरक कुठला कळायला). मास्तरांनी तिथल्या तिथं सुटीचं काम गळ्यात घातलं. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींची चित्रं काढायची, आणि एका तुटक्या मूर्तीवरून मातीत नुसतं धड करून आणायचं. डोकं नाही, हात नाहीत. शरीर तोल कसा सांभाळतं ते त्यात कळतं म्हणे. हे नेलं नाही तर वरच्या वर्गात घेत नाहीत, आणि नापास झालास तर कॉलेज बंद, देवळातली माझी पूजेची पाळी तुझी, असं दादांनी बजावून ठेवलेलं. म्हणजे माझं सगळं त्या धडावर.

आता ओली माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यावर पाणी घालून ओलं फडकं गुंडाळून ठेवावं लागतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळ करून (उकाडा फार, दुसरं कारण नाही), उघड्या अंगानं, गोठ्याशेजारच्या खोलीत त्या फडक्यावरूनच तांब्यानं हळूहळू पाणी घालायचो. गंगूआत्यानं ते दाराच्या फटीतून पाहिलं, आणि पोरगं सुधारलं, अभिषेक करून राहिलं, अशी घरभर बातमी झाली. दादा माझ्याशी गोड बोलू लागले. आत्या दारात बेल ठेवून जाऊ लागली. शेजारचा भीमसिंग तर नारळच घेऊन आला. मला सगळं कळत होतं गं, पण ताटात तूप जास्तीचं पडून राहिलं होतं, मी कशाला बोलतो!

सोमवारी मी घरात नसताना आत्यानं पुण्याचा वाटा घ्यावा म्हणून फडकं सोडलं. जी किंचाळली, गाय दावं तोडून पळाली. खंडित मूर्ती घरात, आणि तिला रोज अभिषेक! दादांनी उभ्या उभ्या विसर्जनाचा हुकूम सोडला. मी सांगितलं, ती तुटलेली नाही, मी तशीच केली. तर म्हणे, मुद्दाम? मग तर आणखी वाईट. मी म्हणालो, आपल्या देवळाच्या भिंतीवर कितीतरी मूर्तींना नाकं-हात नाहीत. तर म्हणे, त्या देवाच्या घरात आहेत, माझ्या नाहीत. (याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात नाही.) मग काय, पुढं झांजा वाजवत भीमसिंग, मागं माझ्याच डोक्यावर माझं धड, आणि लोक ‘मोरया मोरया’ करून राहिले, कारण या देवाला काय म्हणावं ते कुणालाच सुचेना. तळ्यात पाणी गुडघाभर. कच्ची माती ती, बघता बघता विरघळली. अक्का, मी तिथंच पाण्यात बसून लेकरासारखा रडलो.

रात्री जेवताना दादा म्हणाले, झालं तुझं कॉलेज. आणि ज्या आत्यानं, कोवळ्या वयात कपाळ पांढरं होऊन माहेरी आल्यापासून, दादांपुढं कधी तोंड उघडलं नाही, ती दाराआडून म्हणाली, “मी पण खंडितच हाय की दादा. मला काहून ठेवून घेतलं घरात?”

दादांचा घास हातातच राहिला.

सकाळी बघतो तर दादांनी स्वतः पाटी भरून तळ्याकाठची माती आणून खोलीत टाकलेली! मला म्हणाले, या खेपेला पुरती कर, आणि वेळेवर कॉलेजात पोचती कर. आणि आत्या पाट घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. डोकं माझं घे म्हणाली. अक्का, मी तिचा चेहरा करून राहिलोय! काय चेहरा आहे गं! जन्मभर तिच्या हातचं खाल्लं आणि तिच्या गालाचं हाड मला काल दिसलं. मास्तरांनी डोकं नको म्हटलं होतं, त्यांना काय सांगायचं ते मोटारीत बसल्यावर ठरवीन.

मोठ्यांना नमस्कार, बाळाला पापा. कागदावरचे डाग शाईचे नाहीत, झटकले की जातील.

तुझा,
राधाकृष्ण

ता. क. आत्या बसते हे कुणाला सांगू नकोस असं तिनं बजावलंय. आळीत तिचं स्वतःचंच घरोघर सांगून झालंय.

आणखी ता. क. हे एवढं लांबण लावलं ते खरं यासाठी. काल नाक करायला घेतलं तर आत्यानं उठून दार लोटून घेतलं, आणि खाली बघत हळूच विचारलं, मातीची नथ घातली तर चालतं का रे? मी म्हणालो, चालतं. पण नथ नाकावर कशी बसते ते मला करता येईना, आणि तिला आता आठवत नाही. तेव्हा मिळेल त्या मोटारीनं ये, अक्का, आणि नथ घालून ये.