पुरातलं धान

५ जानेवारी २०२५
पुढच्या महिन्यात कॉलेजचा दर्जा ठरवायला समिती येणार. प्राचार्य म्हणाले, "स्थानिक संशोधन दाखवा, वीरेंद्र सर." मी वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख — बारा वर्षांत एक पेपर नाही! आहे ते हर्षाचं. नदीकाठच्या कारधा गावची पोरगी, तासिका तत्त्वावर शिकवते. वैनगंगेच्या पुरात बुडूनही जगणारं धान सहा वर्षं शोधून राहिली. चौदा दिवस पाण्याखाली ठेवलं — जगलं!

मी म्हटलं, "हे शेतकऱ्याचं काम. शास्त्रज्ञ असा चिखलात उभा राहत नाही."

हसली. "मंग कुठी राह्यते, सर?"

उद्धट.

२१ जानेवारी
समितीला दाखवायचा धानाच्या संशोधनाचा तक्ता छापून आला. संशोधक — मी. खाली बारीक अक्षरात, सहकार्य : हर्षा. बराच वेळ बघत उभी होती.

"सर, हे धान तुमी एकदा तरी पाह्यलं काय?"

"पुढच्या वर्षी तास पाहिजेत ना तुला?"

मान खाली घालून निघून गेली. मजा आली. इथं खोटं कशाला लिहू!

११ फेब्रुवारी
समिती आली. हर्षाला मुद्दाम चहा द्यायला ठेवलं. पुण्याच्या एक वयस्कर बाई माझ्या तक्त्यापुढे थांबल्या. "पाण्याखाली हे रोप उंच वाढतं, की वाढ थांबवतं?"

"दोन्ही," मी म्हटलं. दोन्ही!

मागून आवाज — "वाढ थांबवते, मॅडम. दम धरून राह्यते. पाणी उतरलं का मंग वाढते."

बाईंनी तिच्या हातातला ट्रे काढून माझ्या हातात दिला. तिला घेऊन बाकावर बसल्या. पाऊण तास! मी ट्रे धरून उभा. प्राचार्य बघत होते.

१२ फेब्रुवारी
हर्षाचे तास बंद केले. कारण — शिस्तभंग. आज पोटभर जेवलो.

२८ मार्च
दर्जा वाढला! अहवालात धानाच्या संशोधनाचं कौतुक. माझा सत्कार — शाल, पितळेची समई. भाषणात म्हटलं, "आपल्या मातीतल्या शास्त्रज्ञांची कदर झाली, तरच आपली विद्यापीठं मोठी होतील." टाळ्या थांबेनात.

नंतर खुर्च्या उचलताना शिपाई निर्मलाबाई म्हणाली, "हर्षा मॅडम तुमसरले राईस मिलमंधी लागली म्हणते."

"बरं झालं," मी म्हटलं. "धानातच आहे."

बाई हसली नाही.

४ एप्रिल
पुण्याच्या बाईंचा फोन. त्यांच्या संस्थेत हर्षानं अर्ज केलाय, तिच्याबद्दल माझं मत हवं होतं. म्हटलं, "काम सगळं माझं. ती चहा द्यायची."

मग म्हणाल्या, "गुरू म्हणून तिनं एकच नाव दिलंय. तुमचं. लिहिलंय — बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सरांनी सूक्ष्मदर्शकात बघायला शिकवलं, तिथून सगळं सुरू झालं."

फोन त्यांनीच ठेवला.

शिकवलं होतं.