डिंपलचा डाव

रावेर,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमालास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोन सोडून भाऊ पत्र लिहायला बसला, याचं तुला हसू येईल. येऊ दे. दोन खोल्यांच्या घरात फोनवरचा शब्दन् शब्द आमची प्रज्ञा ऐकते, आणि मला तिच्याबद्दलच सांगायचंय.

समोरच्या रतिलालभाऊंची डिंपल दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यूने गेली, हे तुला ठाऊक आहेच. पहिलीपासून सातवीपर्यंत ती आणि प्रज्ञा एका बाकावर. शाळा उघडताच त्यांच्या वर्गाच्या किरण मॅडमनी पालकसभा घेतली. पोरं बिथरू नयेत म्हणून शाळेत आणि घरी, दोन्हीकडे डिंपलचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. हजेरीतून नाव गाळलं, भिंतीवर तिने काढलेलं चित्र होतं ते उतरवलं. शाळा आणि पालक इतके एकदिलाने वागताना मी कधी पाहिले नव्हते. तिची आई कुंदाबाई रोज शाळा सुटताना फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. लहान पोरं घाबरायची. त्यांनाही येऊ नका म्हणून सांगितलं. सांगायला मीच गेलो होतो.

आणि आपली प्रज्ञा बाकावर अर्धी जागा सोडून बसते. शाळेतली अर्धी खिचडी बाजूला काढून ठेवते. घरी एकटीच सागरगोटे खेळते, पण आपला डाव झाला की थांबते. समोर कोणी खेळत असल्यासारखी तिची नजर वर-खाली होते. मग हसते. मला त्या हसण्याची भीती वाटते गं. बाकीच्या मुली जवळ बसत नाहीत, म्हणून तिला काही दिवस घरीच ठेवा असं मॅडम म्हणतात. पोरगी हातची जाईल असं वाटतं. काय करू ते लवकर कळव.

मुलांना गोड पापा.
तुझा,
युवराजभाऊ


धुळे,
३० नोव्हेंबर

ती. भाऊस,
सविनय जय भीम.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून कोंबडी नाचल्यासारखंच आहे. त्यावर हसले, आणि पुढचं दोनदा वाचलं.

तिला घरी ठेवू नकोस. शेजारीपाजारी कोणी बाहेरचं बघायला सुचवलं तर त्यांना दारातूनच परत पाठव. आमच्या शाळेत समुपदेशक बाई येतात, त्यांना मी विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, की त्या मुलीशी डिंपलबद्दल बोलणारं तिथे कोण आहे? भाऊ, तुम्ही सगळ्यांनी मिळून डिंपलला असं पुसलंत, की तिला सांभाळायला एकटी प्रज्ञा उरली. एवढ्याशा पोरीने हे कसं पेलायचं?

आपली आई गेल्यावरचं पुण्यानुमोदन आठव. एकेक जण उभा राहून तिच्याबद्दल बोलला. गिरणीवाल्याने तर तिने घातलेली भांडणंसुद्धा सांगितली आणि आपण रडता रडता हसलो. त्यानंतर घर खायला उठलं नाही. वर्गात तसंच होऊ दे. आणि त्या माउलीला फाटकाबाहेर ठेवू नका, आत बोलवा. मॅडम ऐकत नसतील तर फोन जोडून दे. भांडायला मी धुळ्याहूनही पुरेशी आहे.

वहिनीला जय भीम. माझ्यावर लोभ असेल तर उत्तराला उशीर करू नकोस.
तुझी,
दीपा


रावेर,
१२ डिसेंबर

चि. दीपास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र किरण मॅडमना वाचून दाखवलं. भांडणाचा भाग गाळला. त्या म्हणाल्या, वर्गात शिरताना त्यांनाही त्या बाकाकडे बघवत नाही. पुन्हा सभा झाली. काही पालक चिडले, पोरांच्या मनावर परिणाम होईल म्हणाले. मी प्रज्ञाचं सगळं सांगितलं. तेव्हा एकेकाने आपल्या घरचं सांगितलं. कोणाची पोरगी एकटी मोरीत जात नव्हती, कोणाचा पोरगा कुंदाबाईंच्या दारापुढून पळत सुटायचा.

कुंदाबाईंना बोलवायलाही मीच गेलो. आता पोरांना मी भूत वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं.

शनिवारी चित्र पुन्हा भिंतीवर लागलं. मॅडमनी हजेरी घेताना डिंपलचं नाव पुकारलं. मग प्रज्ञा उभी राहिली. डिंपल खेळताना लबाडी करायची, खिचडीतल्या मिरच्या माझ्या ताटात टाकायची, तिला ताप आला तेव्हा आमचा डाव अर्धाच राहिला, असं तिने सांगितलं. पोरं हसली, रडली, आणि एकेक उठून बोलू लागली. कुंदाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की ती लबाडी कशी करायची ते मला दाखवशील का? प्रज्ञाने दप्तरातून सागरगोटे काढून त्यांच्या हातात दिले.

तेव्हापासून ती बाकावर नीट ऐसपैस बसते, खिचडी संपवते.

पण एक तुलाच सांगतो. काल संध्याकाळी समोरच्या ओट्यावर कुंदाबाई एकट्याच सागरगोटे खेळत होत्या. आपला डाव झाला की थांबायच्या, समोर बघायच्या आणि हसायच्या. मी उठून त्यांना थांबवायला जाणार, तर प्रज्ञाने हात धरून बसवलं. आता मध्ये बोलू नका बाबा, डिंपलचा डाव चालू आहे, म्हणाली. थोड्या वेळाने ती स्वतःच गेली आणि काकूंना खेटून बसली. समोरची जागा दोघींनी मोकळी ठेवली होती.

आमच्यावर अशीच माया असू दे. सुट्टीत आलीस की तूही समोर जाऊन ये.
तुझा,
भाऊ