ओत्सुनेताईंचं कठोर पत्र

कानाझावा, ४ एप्रिल १९४४

चि. मित्सुए हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सरकारी हुकमानं आपलं घर बंद झालं, त्याला महिना होत आला. बाकीच्या गेशाही गावोगाव पांगल्या. आता मालकीणबाई आणि मी, दोघीच. मी रोज कारखान्यात हवाई छत्र्या शिवते. शेजारची बाई विचारत होती, एवढे मऊ हात आजवर कशात घातले होतेस म्हणून. मी म्हटलं, शामिसेनच्या तीन तारांत.

अकरा वर्षं तुला वाजवायला शिकवलं ते माहेरी बसून मासळी वाळवण्यासाठी नव्हे. रोज बोटं फिरवत जा. दमले म्हणशील, ती सबब जुनी आहे. युद्ध संपलं की दोघींनी एकत्र वाजवायला बसायचं आहे.

खुशाली कळव, वाट पाहायला लावू नकोस.
ओत्सुने

नोतो, २० जून १९४४

ती. ओत्सुनेताईंस,
सा. न. वि. वि.

मी कानाझावाला खाणावळीत वाढायला होते, असं बाबांनी गावात सांगितलंय. विहिरीवर गुणगुणायचं नाही, अशी आईची ताकीद आहे.

एक स्थळ आलंय. योहेई म्हणून होड्या बांधणारे सुतार, बायको गेल्या साली वारली, पदरी दोन मुली. माणूस चांगला वाटतो, बोलतो कमी. बाबांची अट एकच, खरं कधी सांगायचं नाही आणि वाद्याला हात लावायचा नाही. धाकटी पोर काल माझ्या मांडीवरच झोपली. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन. बाबांचा मार खाईन, पण थांबेन.

माया आहे तशीच राहू द्यावी.
मित्सुए

कानाझावा, ९ जुलै १९४४

चि. मित्सुए हिस,
आशीर्वाद.

लग्न कर. वाजवण्यात तुझा हात बेताचाच. त्याच्यासाठी थांबावं असं त्यात काही नाही. मालकीणबाईंचंही तेच मत. तुझं इथलं वाद्य मी दुसरीला देऊन टाकलं. पोरींना सांभाळ.

ओत्सुने

नोतो, १८ नोव्हेंबर १९४६

ती. ओत्सुनेताईंस,
सा. न. वि. वि.

थोरलीच्या औषधासाठी कानाझावाला गेले, तेव्हा पाय गल्लीकडे वळले. मालकीणबाईंनी सगळं सांगितलं. त्या जूनच्या अखेरीस यंत्रात तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि नऊ दिवसांनी तुम्ही मला ते पत्र लिहिलंत. तुम्ही आता यामानाकाला ऊन पाण्याच्या झऱ्यांवरच्या खाणावळीत भांडी घासता, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

दोन वर्षं मी तुमच्यावर रागावून होते. त्या रागाच्या बळावर संसार केला. आता तो राग कुठे ठेवू?

ह्यांना सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ रंधा मारत राहिले, मग म्हणाले, घेऊन ये त्यांना, जागा आहे.

यावं, एवढंच मागणं.
मित्सुए

यामानाका, २ डिसेंबर १९४६

चि. सौ. मित्सुए हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

खोटं लिहिलं, हे खरं. तुला थांबवून मी काय वाजवणार होते? तुझा हात माझ्याहून सरस होता. समोर असताना कधी म्हटलं नाही, त्याचं मात्र वाईट वाटतं.

योहेईंना नमस्कार सांग. असा माणूस मिळाला, मी निश्चिंत झाले. पण मी येणार नाही. आले, तर गावात विचारतील ही तुझी कोण, आणि तू खरं सांगून बसशील. पोरींची लग्नं व्हायची आहेत.

लोभ ठेव. पत्रं थांबव.
ओत्सुने